पाठीवरचा पाय

माणूस दोन पायांवर ताठ उभा राहिला आणि तिथून संस्कृती सुरू झाली, असं जाड पुस्तकांत लिहिलेलं असतं. नोकरीत होतो तोवर मीही ते वर्गात गंभीर चेहऱ्यानं सांगत आलो. गेल्या मे महिन्यात मी चार दिवस घरभर कधी रांगत, कधी काटकोनात वाकून हिंडलो, आणि संस्कृतीचं काहीही अडलं नाही. दूधवाला आला, नळ आला, आणि कॉलनीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर सकाळचे सुविचार अगदी वेळेवर आले.

कारण होतं कूलर. नागपुरात एप्रिल लागला की लोक एकमेकांना ‘कसे आहात’ विचारत नाहीत, ‘कूलर लावला का’ विचारतात. आमच्या हुडकेश्वरच्या कॉलनीत त्या गुरुवारपर्यंत आमचंच घर तेवढं उरलं होतं. बायको महिनाभर मिस्त्रीला बोलवा म्हणत होती आणि मी महिनाभर तिला समजावत होतो की खिडकीबाहेरच्या स्टँडवर एक लोखंडी पेटी ठेवायला तज्ज्ञ लागत नाही. वजन उचलण्याचं शास्त्र मी वाचलं होतं. गुडघ्यात वाकायचं, कमरेत नाही. वजन छातीशी धरायचं. उचलताना अंग पिळायचं नाही. हे सगळं मी तिला बाल्कनीत उभं राहून नीट सांगितलं. मग कमरेत वाकलो, कूलर हातभर लांबूनच धरला आणि उचलता उचलता खिडकीकडे वळलो.

कमरेत कोणीतरी सुतळी ओढून करकचून गाठ मारली.

“सोडा ना तो!” बायको ओरडली.

“सुटत नाही,” मी म्हणालो. बोटं अडकली होती.

तिनं बोटं सोडवली, मला भिंतीला टेकवलं आणि कूलरमध्ये डोकावून पाहिलं. “टाकीतलं पाणी काढलं होतं का?”

“कोणतं पाणी?”

“मंग झालं,” ती म्हणाली आणि आत निघून गेली.

वर झाकलेलं प्लास्टिक फाटलं होतं. गेल्या वर्षीचा अख्खा पावसाळा टाकीत बसला होता, आणि तो मी शास्त्रोक्त पद्धतीनं उचलला होता.

एरवी याचं मला फारसं वाटलं नसतं. पण सोमवारी मायचं मोतीबिंदूचं ऑपरेशन होतं. ती उमरेडला एकटी राहते. तिचा एक डोळा काचबिंदूनं कधीच गेला; दुसऱ्याला माणूस दारात उभा आहे एवढं कळतं, कोणता माणूस ते कळत नाही. आधीची तारीख तिनं ‘डोळ्यात सुई टोचतात’ म्हणून ऐन सकाळी मोडली होती. या वेळी तिची एकच अट होती. “रविवारी तू स्वतः घ्यायले येशीन, बसमध्ये माह्या बाजूले बसशीन, त मी येईन. नाही त देवळीतल्या बुडीसारखी चाचपडत मरीन, पण येनार नाही.” देवळी की कुठल्या गावची ही म्हातारी कोण, हे मला आजतागायत कळलेलं नाही, पण मायच्या प्रत्येक धमकीत ती असते. ही तारीख चुकली तर माय पुन्हा तयार होणार नाही, हे मला आणि बायकोला बोलून न दाखवताही ठाऊक होतं. म्हणजे रविवारपर्यंत मला बसमध्ये बसता येणं भाग होतं.

कोपऱ्यावरच्या दवाखान्यात एक तरुण डॉक्टरीण आहे. तिनं मला तपासायला पाच मिनिटं घेतली. गोळ्या दिल्या. म्हणाली, बरं वाटत असेल तर शेक घ्या, दिवसभर पडून राहू नका, घरात थोडं थोडं चाला, पाय बधिर झाला किंवा लघवीला अडचण आली तर लगेच या. नाहीतर हे आठ-पंधरा दिवसांत आपोआप बरं होतं. या ‘आपोआप’साठी कॉलनीनं तिला अजून माफ केलेलं नाही. कमरेसारखी कमर धरलेली, आणि ही बाई ना मशीन लावते, ना कपाळाला आठी घालते. तिच्या शहाणपणात समारंभ नव्हता, त्यामुळे ते शहाणपण कोणाच्या लक्षात आलं नाही.

मग उपचार सुरू झाले. बाहेर पंचेचाळीस अंश, कूलर बाल्कनीत आडवा पडलेला, आणि माझ्या कमरेवर तव्यावर गरम केलेली एरंडाची पानं, त्यावर मिठाची गरम पुरचुंडी. आमच्या घरात देव नाहीत. आजोबांनी इथंच नागपुरात दीक्षा घेतली तेव्हा घरातले सगळे देव नदीत गेले. पण माय म्हणते तसं, देव सोडायला सांगितलं होतं, एरंड सोडायला कोणी सांगितलं नव्हतं. खरं सांगायचं तर पानांनी बरं वाटत होतं. मी ते कबूल केलं नाही.

शुक्रवारी भेटायला येणारे सुरू झाले. आजारी माणसाचा गुन्हा शोधून काढणं हा या भेटींचा उद्देश असतो. एकानं गादी काढून फरशीवर झोपायला सांगितलं. दुसरा म्हणाला, फरशीवर झोपला म्हणूनच झालं. तिसऱ्यानं उलटं लटकण्याचा व्हिडिओ दाखवला, त्यात एक वटवाघूळ वृत्तीचा माणूस हसत होता. प्रत्येकजण चहा पिऊन, माझ्याकडे दयेनं पाहून, सरळ पाठीनं निघून गेला.

शनिवारी अध्यक्ष आले.

अध्यक्ष म्हणजे आमच्या कॉलनीचे अध्यक्ष. पाटबंधारे खात्यातून निवृत्त. कॉलनीच्या बागेत त्यांच्या नावाची संगमरवरी पाटी आहे. बाग अजून व्हायची आहे. ते खुर्चीत बसले, दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवले आणि आवाज खाली आणून म्हणाले, “सर, आजवर कोनाले सांगतलं नाही. मी पायाळू आहो.”

जन्मताना ज्याचं डोकं आधी न येता पाय आधी येतात तो पायाळू. अशा माणसानं कमरेला पाय लावला की उसण उतरते असा समज आहे. म्हणजे पात्रता एवढीच की जन्माला येताना दिशा चुकली. कोणाला सांगितलं नाही म्हणणारे अध्यक्ष गेली पाच वर्षं गणपतीच्या आणि झेंडावंदनाच्या भाषणात हे सांगत आलेले आहेत.

“उद्या सकाळी समाजभवनात या. सूर्य निघायच्या टायमाले. तीन वेळा पाय लावतो, उठून चालाल.”

“आमच्या घराण्यात पाठीवर पाय घ्यायची पद्धत दोन पिढ्यांपूर्वी बंद झाली,” मी म्हणालो.

त्यांना ते कळलं नाही. बायकोला कळलं, ती चहाचा कप घेऊन आत गेली. अध्यक्ष म्हणाले, “आपन काही कोनाले मनाई करत नाही, सर. सर्वांले लावतो.” हे त्यांनी औदार्यानं म्हटलं.

मी नको म्हणालो. दुपारी मायचा फोन आला. “पिशवी भरून ठेवली. तू येऊन राहिला ना गा?” मी हो म्हणालो. फोन ठेवला आणि खुर्चीतून उठायचा प्रयत्न केला. तिसऱ्या प्रयत्नाला बायकोनं हात दिला. 

संशय घेणं हा ताठ कण्याच्या माणसांचा छंद आहे, असं मला त्या संध्याकाळी कळलं. रविवारी पहाटे मी बायकोच्या खांद्यावर हात ठेवून समाजभवनात गेलो.

तिथं सतरंजी घातली होती आणि वीसेक माणसं जमली होती. अध्यक्षांनी नवं धोतर नेसलं होतं. त्यांनी तांब्याच्या घंगाळात उजवा पाय धुतला, डावा तसाच ठेवला. मला पालथं झोपवलं. मग त्यांच्या लक्षात आलं की ध्वनिक्षेपक लावलेला आहे, आणि त्यांनी प्रास्ताविक केलं. पायाळू परंपरा, तिचं विज्ञान, परदेशात याच गोष्टीला किती मान आहे, आणि कॉलनीचा पाण्याचा प्रश्न. मी सतरंजीच्या काठावर नाक ठेवून ऐकत होतो. सतरंजीला मागच्या बारशाचा वास होता.

शेवटी पाय आला. अंगठा, मग तळवा, मग अख्खे अध्यक्ष, असं तीनदा. मोबाइल पुढे झाले. “सर, थोडं इकडं पाहा,” कोणीतरी म्हणालं. मी पाहिलं. हे मला स्वतःबद्दल अजून सांगवत नाही, पण मी पाहिलं.

“उठा!” अध्यक्ष म्हणाले.

मी उठलो. दुखत होतं, पण गुरुवारपेक्षा पुष्कळ कमी. चौथा दिवस होता आणि आठ गोळ्या पोटात गेल्या होत्या. टाळ्या पडल्या. घरी पोहोचायच्या आत ग्रुपवर फोटो आला होता. खाली लिहिलं होतं: ‘अध्यक्षांच्या चरणस्पर्शाने प्राध्यापक सरांना तात्काळ आराम.’ मी खुलासा लिहायला घेतला, मग म्हटलं आधी माय. पिशवी घेतली आणि उमरेड रोडला येऊन बस पकडली.

पहिल्या गतिरोधकापर्यंत सगळं ठीक होतं.

त्या गतिरोधकावर बस उडाली आणि सुतळीची गाठ पुन्हा बसली. कंडक्टरनं आणि एका भाजीवाल्या बाईनं मिळून मला खाली उतरवलं. बाई जाता जाता म्हणाली, “घरी राहाचं ना बाप्पा, असा निघते का कोनी?” रस्त्याकडेच्या कडुनिंबाखाली उभा राहून मी मायला फोन केला आणि सगळं खरं सांगितलं, कूलरपासून गतिरोधकापर्यंत. फक्त पायाचं सांगितलं नाही.

मला वाटलं, झालं. तारीख गेली, डोळाही गेला.

“चालता येते का तुले?” तिनं विचारलं.

“वाकून येते.”

“शेक कोन देऊन राहिलं?”

“सूनबाई देते.”

“तिले काय येते! पानाले तेल कोनतं लावते ते?”

“करडईचं.”

“जवसाचं लावा लागते गा,” माय म्हणाली. फोन बंद झाला.

मी वाकत वाकत घरी परतलो. दुपारी दीड वाजता, रस्त्यावर कुत्रंसुद्धा नसताना, दारात ऑटो थांबला. माय उतरली. एका हातात पिशवी, दुसऱ्या हातात जवसाच्या तेलाची बाटली. उमरेडपासून ती माणसांना विचारत विचारत एकटी आली होती. जी बाई डोळा वाचवायला एकटी निघायला तयार नव्हती, ती पोराच्या कमरेला तेल चोळायला निघाली. कमर बरी असती तर मी उमरेडला गेलो असतो, आणि ऐन वेळी तिनं पुन्हा काही कारण काढलं असतं, हे मी खात्रीनं सांगू शकतो. मी तिचा मुलगा आहे.

संध्याकाळभर तिनं माझ्या पाठीला चाचपून चाचपून तेल लावलं आणि उद्याचा विषय काढू दिला नाही. सोमवारी दवाखान्यात मला बाकावर बसता येईना, म्हणून मी भिंतीला टेकून उभा होतो. नर्सनं तिचं नाव पुकारलं. ती उठली आणि माझ्याकडे हात केला. मी एक पाऊल टाकलं आणि थांबलो.

“राहू दे,” ती म्हणाली. “तू आधी नीट उभा राय.” आणि नर्सच्या हाताला धरून आत गेली.

दुसऱ्या दिवशी पट्टी निघाली. घरी आल्यावर बायकोनं तिच्यापुढे आपला मोबाइल धरला. “पाहा बरं माय, काय दिसते?” नातवाचा फोटो दाखवायचा होता, पण नेमका कॉलनीचा ग्रुप उघडला. अध्यक्षांनी तो फोटो फुलांच्या चौकटीत बसवून पुन्हा टाकला होता.

मायनं मोबाइल हातात घेतला, जवळ आणला, लांब धरला, पुन्हा जवळ आणला. माझा चेहरा, सतरंजी, पाय. मी खिडकीकडे पाहत होतो. ती आता काय म्हणेल, आजोबांचं नाव घेईल, की रडेल, याचा मी अंदाज घेत होतो.

“टाचा फुटल्या आहेत त्याच्या,” ती म्हणाली.

मी चष्मा लावून पाहिलं. फुटल्याच होत्या.