चार्मिंगचा सबूत

वर्गात कुणी विशेषण वापरलं की वाव्हळे सर तळहात पुढं करायचे. "सबूत टाक!" सबूत नसेल तर विशेषण मुकाट्यानं परत घ्यायचं. जिंतूरकडच्या बौद्ध वस्तीतून शिकून आलेला हा माणूस पूर्णेच्या आमच्या शाळेत इंग्रजी शिकवायचा. नेमणूक हंगामी, आवाज मात्र कायम.

एकदा धड्यात 'चार्मिंग' आला. गाइडात अर्थ होता 'मोहक'. आम्ही तो झटपट सिनेमातल्या नट्यांना चिकटवला.

"गाइड खोटं न्हाई, पण अर्धं हाय," सर म्हणाले. "देखणं माणूस लांबून बघता येतं. ज्याच्याकडं पाय आपसूक वळतात, त्यो चार्मिंग. बोलावणं न्हाई, धाक न्हाई, तरी माणसं जायलीत, तवाच हा शब्द काढायचा. हाय का गावात असं कुणी?"

विमल उठली. "टेशनावरची भजेवाली मावशी."

"सबूत?"

"भजे घ्यायचे नसले तरी बाया तिच्यापाशी जाऊन बसायल्यात."

"शाब्बास! शी इज चार्मिंग." वर्ग खिदळला. सर हसले नाहीत.

पुढं संस्थेच्या अध्यक्षांचा सत्कार ठरला. मानपत्र इंग्रजीत हवं, म्हणजे ते सरांकडेच आलं. हेडमास्तरांनी आमच्यादेखत बजावलं, "वाव्हळे, 'चार्मिंग पर्सनॅलिटी' हे घालाच. अध्यक्षांना लय आवडतं. तुम्हाला कायम करायचं ते त्यांच्याच हातात आहे."

सत्काराला आम्हाला उन्हात रांगेनं उभं केलं होतं. जो खाली बसला त्याला छडी. अध्यक्ष आले तेव्हा पोरांचे ओठ सुकले होते. सरांनी मानपत्र वाचलं. शाळेला इमारत दिली, हे त्यात होतं. चार्मिंग नव्हतं.

अध्यक्ष माइकवरूनच हसत म्हणाले, "मास्तर, ते चार्मिंग कुठं गेलं? हेडमास्तर तर म्हणले होते."

"साहेब, इमारत तुमी दिलीत, ते लिहिलं. पण ही लेकरं छडीनं उभी हायत. आपणहून आली असती तर तेबी लिहिलं असतं."

सरांची नोकरी गेली. शहाणी माणसं म्हणाली, एका शब्दानं काय बिघडलं असतं? बिघडलं असतं! उन्हात उभ्या पोरांसमोर खोटं वाचलं गेलं असतं. मी आज पत्रकं लिहितो. 'लाडके नेते' टाक म्हणून कार्यकर्ते मागं लागतात. मी विचारतो, कुणाचे लाडके? ट्रकात भरून आणलेल्यांचे?

सर निघाले त्या दिवशी हेडमास्तरांनी तंबी दिली होती, स्टेशनवर कुणी फिरकायचं नाही. फलाटावर उभं राहायला जागा नव्हती.

विमल खिडकीशी गेली. "सर, यू आर चार्मिंग."

सवयीनं तळहात खिडकीबाहेर आला. "सबूत?"

"माझ्या मागं बघा की, सर. आमाला कुणीच आणलेलं न्हाई."

सर बघत राहिले. हात मागं घ्यायचं त्यांना सुचलंच नाही. गाडी हलली, तशी भजेवाली मावशी गर्दीतून पुढं आली आणि त्या उघड्या तळहातावर तिनं गरम भज्यांचा पुडा ठेवला.