कांद्याच्या चाळीत सांगितलेली गोष्ट

सडक्या कांद्याचा वास आला की मला नामपूरची ती दुपार आठवते. आमच्या घरातला पहिला पदवीधर मी. माझी कादंबरी सगळ्या प्रकाशकांकडून परत आली तेव्हा लिहिणं सोडायचं ठरवून नाशिकहून मावशीकडे गेलो होतो. बायका कांदा साठवायच्या चाळीत बसून सडका माल निवडून काढत होत्या. "लेखक ना रे तू? मग गोष्ट सांग," मावशी म्हणाली. मी कादंबरीच सांगितली, मेल्या आवाजात. नवऱ्याचा मार खाऊन निघालेली बाई एसटी स्टँडवर पोचली आणि मी थांबलो. "मंग काय जयं?" एक म्हातारी खेकसली. "मागं फिरली." "मागे कसाले फिरनी? मराले?" कांदे टाकून सगळ्या माझ्यावर तुटून पडल्या. माझ्या लिहिण्यावरून तोवर कोणी भांडलंच नव्हतं. त्याच संध्याकाळी मी शेवट खोडला आणि बाईला एसटीत बसवून दिलं. अजून लिहितोय. कादंबरी कोणी छापेल असं आता वाटत नाही. पण ती बाई सुटली.