दादाचं हवाईदल आणि एक लिंबू

आधी चहाचा कप खाली ठेवा, नाहीतर ठसका लागेल. माझ्या हातून जे झालं ना, ते वैऱ्याच्याही हातून होऊ नये!

माझ्या दादाला प्लास्टिकची छोटी विमानं बनवायचा नाद. आयटीतली नोकरी, अमेरिकेतल्या आयसेलिन गावात छोटं अपार्टमेंट आणि टेबलभर टोगोचं हवाईदल. टोगो म्हणजे पश्चिम आफ्रिकेतला चिमुकला देश. मी दहावीला आपटलेला, त्याच्याकडेच राहणारा. विचारायचो, "टोगोच का रे?"

"अरे, अमेरिकेचं बनवायला सात जन्म लागतील. टोगोचं एका जन्मात पुरं होतं."

झालं पुरं. शेवटचं अल्फा जेट रंगवलं, आणि उन्हाळ्यात दादाच गेला. लायब्ररीतल्या प्रदर्शनात सगळी विमानं मांडायची, एवढीच त्याची हौस राहिली. म्हटलं, मी मांडणार!

प्रदर्शन नेमकं दसऱ्याला. दादा दर दसऱ्याला गाडीची पूजा करायचा. आता गाडी नाही, दादा नाही. म्हटलं, विमानं तरी पूजू. हळद-कुंकू वाहिलं, झेंडू वाहिला, अल्फा जेटच्या चाकाखाली लिंबू ठेवलं. लिंबू चिरडायला नको? पण विमान तळहाताएवढं, लिंबू ढिम्म हलेना. मी दिला जोर.

कट्!

लिंबू शाबूत. चाक तुटलं.

ते लंगडं विमान तसंच नेऊन मांडलं, तर समोर एक उंचापुरा माणूस. नाव कोफी, आणि गाव? टोगो!

"हे असं वाकडं का?"

माझ्या तोंडून निघून गेलं, "लढाईत तुटलं."

"लढाई? आमची? कुणाशी?"

"म्हणजे... सिक्रेट होती."

बायकोला हाक मारली त्यांनी. "अगं, इकडे ये! आपण लढलो आणि आपल्यालाच पत्ता नाही!" माणसं जमली.

"जिंकलो का?"

"थोडक्यात!"

कोफींनी फोन काढला. "माझा भाऊ तिथे हवाईदलातच मेकॅनिक आहे. त्यालाच विचारतो."

मेलो! सगळं ओकून टाकलं. दादा, दसरा, लिंबू.

कोफींनी माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि सगळं फोनवर भावाला सांगायला लागले. पलीकडे भाऊ खो खो हसतोय, इकडे हे डोळे पुसतायत. थांबेचनात दोघं. मीही सवयीने फोन काढला. दादाचं नाव समोर आलं. फोन परत खिशात ठेवला.

"भाऊ विचारतोय," कोफी म्हणाले, "शत्रू कोण होता ते तरी सांग!"

काय सांगू? लोक शत्रूचं विमान पाडतात. मी सख्ख्या भावाचं पाडलं. तेही लिंबाने!