पलटी नांगराच्या पाइपाला साबण

आमच्या नेवासा भागात ट्रॅक्टरची डिझेलची टाकी पाझरू लागली, की तिथे कपड्याचा साबण घट्ट चोळतात आणि गळती थांबते. कारण टाकीतल्या डिझेलला फारसा दाब नसतो. ट्रॅक्टरमागच्या पलटी नांगराच्या जुन्या पाइपातून प्रचंड दाबाच्या हायड्रॉलिक तेलाचा बारीक फवारा उडू लागला, तेव्हा माझ्या चुलतभावाने तोच साबण हाती घेतला. घरात ट्रॅक्टर तो एकटाच चालवी आणि त्याचा सारा मान त्यावरच उभा होता.

“आधी इंजिन बंद कर, नांगर जमिनीवर टेकव आणि पाइपातला दाब उतरू दे,” मी म्हणालो.

“मास्तर, तुमचा फळा शाळंत हाय,” असे म्हणून त्याने चालू इंजिनावरच गळतीवर अंगठ्याने साबण दाबला. बांधावरचे सगळे हसले.

अंगठ्यावर सुई टोचल्यासारखा ठिपका उमटला; रक्तही आले नाही. मी दवाखान्याचे नाव काढताच त्याचे वडील, माझे चुलते, म्हणाले, “एवढ्याशा टोचन्याला दवाखाना? बांगड्या भरा त्याला!” मग त्याने उरलेले रान नांगरून संपवले.

दाबाने कातडीखाली शिरलेले तेल आतून मांस कुजवते. संध्याकाळी त्याचा हात कोपरापर्यंत सुजला. नगरच्या डॉक्टरांनी अंगठा आणि शेजारची दोन बोटे काढून टाकली.

तो शुद्धीवर आल्यावर चुलत्यांनी त्याच्यासमोरच विचारले, “डॉक्टर, ह्याला स्टेअरिंग धरता यील का?”

डॉक्टरांनी नकारार्थी मान हलवली. चुलत्यांनी त्याच्या उशाशी ठेवलेल्या पँटच्या खिशातून ट्रॅक्टरची किल्ली काढली आणि तिथेच आपल्या धाकट्या मुलाच्या हातावर ठेवली.