चोळीतली सुपारी

चतुराबाई रात्रभर सलग झोपली, त्याला सात वर्षं झाली होती. निजामाच्या तहसील कचेरीवर पहारेकरी तासातासाला टोल द्यायचा. परतूर गाव झोपेत असायचं, तिला मात्र सगळे टोल ऐकू यायचे.

नवरा रखमाजी सरकी काढायच्या जिनात कापसाचे गठ्ठे वाहायचा. घरी येऊन भाकरी खाल्ली की आडवा व्हायचा आणि पाठ टेकताच घोरायला लागायचा. गल्ली म्हणायची, "राबतो बिचारा." पण त्यांची एकुलती लेक गोजर सहाव्या-सातव्या वर्षापासून तशीच घोरू लागली, तेव्हा गल्ली वेगळं बोलली. उन्हाळ्यात सगळे दारापुढे झोपायचे. एका सकाळी आडावर शेजारच्या सुगंधाबाईनं विचारलं, "चतुरे, राती दीर आल्ता का गं तुझा? दोन बाप्ये घोरून राह्यलेते."

बाया हसल्या. चतुराबाईनं भरलेली घागर उचलली आणि घरी आली. त्या दिवसापासून गोजर उन्हाळ्यातही आतच झोपायची आणि आई शेजारी जागी असायची. पोरीचा श्वास जड झाला की तिला कुशीवर वळवायचं, एवढंच काम. नाकात तेल घालून झालं, एका म्हातारीनं सांगितला तो काढा पाजून झाला. शेवटी चतुराबाईनं पोरीच्या प्रत्येक चोळीत, पाठीवर मधोमध, आतून एक सुपारी शिवली. उताणं झालं की टोचावी आणि पोरीनं आपणच वळावं म्हणून.

घोरणारी सून कोण करील, ही एकच धास्ती होती.

गोजरला चौदावं लागलं तेव्हा वाटूरच्या तुळजाबाईच्या धाकट्या मुलाचं, भुजंगचं, स्थळ आलं. घर शेतीवाडीचं. थोरली सून वारलेली. तुळजाबाई होकार द्यायच्या आधी पोरीच्या घरी मुक्काम करायची. म्हणाली, "नटवून कुणीबी दाखवतंय. पहाटं चूल कोण पेटवतं, ते बघायचंय मला."

तशी ती परतूरला मुक्कामाला आली. त्या रात्री आत तिघी ओळीनं झोपल्या, गोजर मधे. पाहुणीसाठी दिवसभर राबलेली गोजर सुपारीला न जुमानता उताणी झाली आणि घोरू लागली. चतुराबाईनं तिला चिमटा काढला, ढकललं. पोरगी हलेना. पलीकडे तुळजाबाईची बांगडी वाजली. मग चतुराबाईनं तोंड उघडलं आणि रखमाजीचं इतक्या वर्षांचं ऐकलेलं घोरणं स्वतःच्या घशातून काढलं. पहाटेपर्यंत काढत राहिली. घसा कोरडा पडला, पण पाणी प्यायलाही उठली नाही.

सकाळी तुळजाबाई म्हणाली, "ईनबाई, लई घोरता बाई तुम्ही! डोळ्याला डोळा लागला न्हाई माझा."

"थकवा हो," चतुराबाई खाली बघत म्हणाली.

तुळजाबाई तिला ईनबाई म्हणाली होती, म्हणजे लग्न ठरलंच.

पाठवणीच्या वेळी इतर आया सांगतात तसलं चतुराबाईनं काही सांगितलं नाही. लेकीला जवळ घेऊन कानात एवढंच म्हणाली, "समदे झोपल्याबिगर झोपू नको. उताणी तर बिलकुल न्हाई. कळलं तर परत धाडतील."

पुढच्या वर्षी कापसाच्या ऐन वेचणीत, भर दुपारी, वाटूरची बैलगाडी दारात थांबली. वेचणी सोडून कुणी पाहुणं जात नसतं. चतुराबाईच्या हातातलं सूप खाली आलं. धाडली परत, तिच्या मनात आलं. गाडीतून आधी तुळजाबाई उतरली, मागून गोजर. पोरीची गालफडं बसली होती आणि ती उभ्या उभ्या पेंगत होती.

तुळजाबाईनं पाणीही घेतलं नाही. मूठ उघडून पुढे धरली. तळहातावर सुपारी होती. "हे काय हाय? धुताना चोळीत सापडलं. दुसरीत बघितलं, तर तिथंबी. मला वाटलं, कुणी करणी केली. पोरगी राती झोपत न्हाई, ईनबाई. मी कवाबी बघितलं तर डोळे उघडे. इचारलं तर नुसती रडती."

चतुराबाई भिंतीला टेकून खाली बसली. "करणी माझीच हाय," ती म्हणाली आणि सगळं सांगून टाकलं. चिमटे, सुपारी, ती मुक्कामाची रात्र.

"म्हंजी त्या राती तुम्ही जाग्या होत्या?"

"रातभर."

तुळजाबाईला हसू फुटलं, पण ते अर्ध्यातच राहिलं. "माझी थोरली सून अशीच जागी राहायची. कामून जागी हाय, मी इचारलं न्हाई. एका पहाटं हिरीवर गेली, ती आलीच न्हाई. तवापासून मी कान देऊन पडती. घोरू द्या की पोरीला! घोरणारं माणूस घरात हाय, हे तरी कळतं."

चतुराबाई उठली. लेकीला पाठमोरी केलं आणि अंगातल्या चोळीची टीप दातानं तोडली. सुपारी जमिनीवर पडून घरंगळत चुलीकडे गेली.

"माय," गोजर म्हणाली, "उताणी झोपू?"

"झोप."

ती घोंगडीवर पडली. दोघी तिच्या दोन बाजूंना बसल्या. बराच वेळ नुसताच श्वास चालला होता. तुळजाबाईनं पदराची कड मुठीत घट्ट धरली होती. मग घशात काहीतरी अडखळलं, सुटलं, आणि गोजर घोरू लागली. तुळजाबाईच्या हातातला पदर सुटला.

चतुराबाईचा हात सवयीनं लेकीच्या खांद्याकडे गेला आणि तिथेच राहिला. मान भिंतीवर कलली.

जिनाचा भोंगा झाला. रखमाजी जेवायला आला, तर दारात विहीण उभी. आत दोन जणी दोन सुरांत घोरत होत्या. त्यानं काही विचारायच्या आत तुळजाबाईनं ओठांवर बोट ठेवलं.

"हळू," ती म्हणाली. "हात धुवा. भाकर मी वाढती."

पोरीच्या सासूनं वाढलेलं खायचं कसं, रखमाजीला कळेना. पण बायकोला उठवावं, हेही त्याला सुचलं नाही.