मागे धावलेला बचावपटू

“तो मागे धावला तर मॅन. खात्री आहे ना?” लुकासने मला विचारलं.

“गेनाऊ, अगदी तसंच,” मी म्हणाले.

शेवटचा टाइमआउट होता. आम्ही चार गुणांनी मागे होतो. हरलो तर क्लब खालच्या लीगमध्ये जाणार होता.

२००० च्या दशकात जर्मनीत न्युरेम्बर्गजवळच्या एका अमेरिकन फुटबॉल क्लबची मी व्हिडिओ अ‍ॅनालिस्ट होते. लुकास आमचा क्वार्टरबॅक, म्हणजे पास टाकणारा. गुडघा गेल्यामुळे ही त्याची शेवटची मॅच होती.

या खेळात चेंडू मागे देऊन डाव सुरू होतो, तो स्नॅप. त्याआधी एका रिसीव्हरला, म्हणजे पास झेलणाऱ्याला, आडवं पळवता येतं. त्याला मोशन म्हणतात. कधी त्याला आधीच वेग मिळावा म्हणून, कधी एका बाजूला आपली माणसं वाढावीत म्हणून. आम्ही ते मुख्यतः हेरगिरीसाठी वापरायचो. समोरचा एखादा बचावपटू त्याच्यामागे धावला, तर प्रत्येकाने आपापला माणूस धरलाय, म्हणजे मॅन. कोणीच मागे गेलं नाही, तर ते जागा राखतायत, म्हणजे झोन. मॅन असेल तर मागे धावलेल्या बचावपटूची मधली जागा मोकळी सापडते.

रिसीव्हर आडवा पळाला. बचावपटू त्याच्यामागे धावला. स्नॅप झाला. लुकासने डोळे झाकून टाकावा तसा मध्ये पास टाकला.

तो बचावपटू मात्र रिसीव्हरला सोडून मधल्या जागेतच थांबला होता. चेंडू थेट त्याच्या हातात गेला.

मॅच संपली. लुकास बराच वेळ गवतावर बसून होता.

दुसऱ्या दिवशी मी कोच डीटरच्या ऑफिसात गेले. तो कपाट रिकामं करत होता. बोर्डाने त्याला सकाळीच काढलं होतं.

“त्यांच्या जुन्या मॅचमध्ये अशा दोन क्लिप होत्या,” मी म्हणाले. “बचावपटू मागे धावून मध्येच थांबलेला. मला वाटलं, त्याची चूक झाली. रिपोर्टमध्ये घेतल्या नाहीत.”

“का?”

“बाकी सगळ्या पॅटर्नमध्ये बसत होत्या.”

डीटरने खोक्याला टेप लावली. “आल्झो, तर मग, ती त्याची चूक नव्हती. सापळा होता,” एवढंच म्हणाला.

आता पॅटर्नमध्ये न बसणाऱ्या क्लिप मी रिपोर्टच्या पहिल्या पानावर टाकते. रिपोर्ट त्यामुळे गबाळा दिसतो. दिसू दे.