लॉकच्या पिनांवरचं कुंकू

हे मी आजवर कुणापुढे उच्चारलेलं नाही — बायकोपुढेही नाही. तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून तुम्हाला सांगतो.

सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला मी नगरच्या एका छापखान्यात शिशाच्या अक्षरांचे खिळे जुळवायला लागलो. बऱ्याच वर्षांनी मालकांनी, अण्णांनी, एक छोटा घरगुती संगणक आणला आणि जुळणी त्यावर सुरू झाली. त्याच्या पाठीमागे काडेपेटीएवढी, धातूच्या पिनांची डबी खोचलेली असे. तिला लॉक म्हणत. ती नसली की जुळणीचा प्रोग्राम उघडतच नसे. फ्लॉपीची नक्कल चोरून नेली तरी व्यर्थ. संगणक चालवायची मिरजगावची शकिला. वडिलांनी तिला एकाच अटीवर नगरला ठेवलं होतं — बोल लागला, की घरी.

खंडेनवमीला अण्णांनी यंत्रपूजा मांडली. चालू संगणकाला हार घालून पाहुणे बाहेर गेले, संगणकयुगावरचं भाषण ऐकायला. मी आत एकटा. म्हटलं, खरा देव तर मागं बसलाय! लॉक उपसलं, ओलं कुंकू पिनांवरच फासलं आणि परत खोचलं. विनोद होता. कुणासाठी? — माझ्याच करमणुकीसाठी.

दसरा उलटल्यावर शकिलानं प्रोग्राम उघडला. पडद्यावर एकच ओळ — लॉक सापडत नाही. ती अण्णांना बोलवायला धावली. आणि मी — इथंच थांबावंसं वाटतं — मी लॉक काढून रुमालानं पिना स्वच्छ पुसल्या. तरी ते मेलेलंच.

"आम्ही पूजा केली अन् हिनं वाट लावली," अण्णा कडाडले. "हिला काय आमच्या देवाचं?"

"म्या हात बी लावला न्हाई, अण्णा. काका, तुमी आत हुता ना? सांगा की वो."

"मला खिळ्याच्या माणसाला त्यातलं काय कळतंय, बाई?" मी म्हणालो.

सगळे हसले. तीही क्षणभर हसली — काका नेहमीसारखी मस्करी करताहेत, आता खरं सांगतील, असं तिला वाटलं असावं. ती माझ्याकडे बघत राहिली. मी — दुसरीकडे.

संध्याकाळी तिचे वडील आले. आवाज चढवला नाही. तिची पिशवी उचलली, अण्णांची माफी मागितली. आणि मी वडीलधारा, म्हणून — माझीही.

पुढे पुण्याहून नवं लॉक आलं. ते रोज काढून कपाटात ठेवायला विश्वासू माणूस हवा होता. अण्णांनी कपाटाची किल्ली माझ्यापुढे धरली.

मी घेतली.